पहिला मान कोणाचा? पेठा, वस्त्या आणि रथाच्या दोरीची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचे इअरफोन ऐन एसटीत दगा देतात, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना काही गोष्टी घाईत उरकल्या होत्या, त्या इथे जरा सविस्तर लिहिल्यात.

आजचा विषय एका प्रश्नात सांगता येतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी आमच्या नगरमध्ये कुठल्याही चौकात उभे राहा, ढोल थांबला की दोन मिनिटांत हा प्रश्न कानावर येतोच: "आपला नंबर कितवा?" त्याच्या पाठोपाठ दुसरा: "ते आपल्या पुढं कसे काय?"

मी नगरचा. कागदावर आता अहिल्यानगर, पण गप्पांमध्ये अजून नगरच. लहानपणापासून हे दोन प्रश्न ऐकतोय. मोठं झाल्यावर इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की हा नुसता पोरांचा इगो नाही. गावातली एक वस्ती दुसऱ्या वस्तीच्या पुढं जायला बघते, आणि सगळं गाव मिळून त्यावर काहीतरी तोडगा काढतं, ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट आहे. तो तोडगा कसा निघतो, कोण काढतं आणि त्यात कोणाला वगळलं जातं, हे आज बघूया.

गाव एक, वस्त्या अनेक

नगर शहर अहमद निजामशहानं 1490 मध्ये वसवलं. शहराचा जुना भाग पायी फिरा आणि नुसत्या पाट्या वाचत जा. माळीवाडा, तेलीखुंट, दाळमंडई, कापडबाजार, बुरूडगल्ली, तोफखाना, सर्जेपुरा. कोण कुठला धंदा करायचं, कोणता सरदार कुठं होता, ते नावातच लिहिलंय. शहराला एकेकाळी तटबंदी होती. ती बहुतेक गेली, पण माळीवाड्याची वेस उभी आहे, दिल्ली गेट उभं आहे, आणि झेंडीगेट, मंगलगेट ही नावं रिक्षावाल्यापासून डिलिव्हरी बॉयपर्यंत सगळे अजून वापरतात.

अशा शहरात माणूस आधी गल्लीचा असतो, मग गावाचा. गल्लीचं देऊळ किंवा दर्गा, गल्लीची तालीम, गल्लीचं तरुण मंडळ. एरवी सगळे एकाच बाजारात भाजी घेतात. पण वर्षातून एकदा सगळ्या गल्ल्या एकाच रस्त्यावर येतात, आणि रस्ता एका वेळी एकालाच पुढं जाऊ देतो. खरी गोष्ट इथून सुरू होते.

हे फक्त आपल्याकडे नाही. इटलीतल्या सिएना शहराच्या घोड्यांच्या शर्यतीचे रील्स तुमच्यातल्या अनेकांनी पाहिले असतील. त्या शर्यतीला पालिओ म्हणतात. शहराचे 17 मोहल्ले, प्रत्येकाचा झेंडा वेगळा, निशाणी वेगळी. वर्षातून दोनदा, 2 जुलैला आणि 16 ऑगस्टला, मुख्य चौकात खोगीर नसलेल्या घोड्यांवर तीन फेऱ्या. एका वेळी 17 पैकी 10 मोहल्लेच पळतात. जिंकणाऱ्याला मिळतो एक रंगवलेला झेंडा. त्या झेंड्यासाठी माणसं वर्षभर शेजारच्या मोहल्ल्यावर डूख धरून बसतात. मोहल्ल्यांच्या हद्दी अठराव्या शतकात सरकारी हुकमानं ठरल्या, त्या आजही पाळल्या जातात.

आपल्याकडे असा घोडा नाही. मग आपल्या वस्त्यांनी ही खुन्नस कुठं जिरवली? मला तीन जुने मार्ग दिसतात: दगड, शिवी आणि मान. एकेक घेऊ.

दगड आणि शिवी

पहिला मार्ग बघायला नगर सोडून थेट विदर्भाच्या टोकाला जावं लागतं. नागपूरच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीत पांढुर्णा नावाचं गाव आहे. राज्य हिंदी, पण गावात मराठी सर्रास बोलली जाते आणि बैलपोळा आपल्यासारखाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार होते. गोटा म्हणजे दगड, त्यामुळे नावातच सगळं आलं. मध्ये जाम नदी. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. तो झेंडा मिळवायचा, आणि मिळवू द्यायचा नाही, म्हणून दोन्हीकडून दिवसभर दगड चालतात. शेवटी ते झाड चंडीमातेच्या देवळात जातं.

यामागची कथा प्रेमाची सांगतात. एका काठाचा मुलगा, दुसऱ्या काठाची मुलगी, पळून जाताना नदीत सापडले आणि दोन्हीकडून दगड आले. कथा खरी की नंतर जोडलेली, तो वाद बाजूला ठेवू. जखमा मात्र खऱ्या असतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात, आजवर अनेकांचे जीव गेलेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांवर आले.

दुसरा मार्ग त्यामानानं स्वस्त. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर जमतात. हलगी, ताशा, शिंग वाजायला लागतं आणि हातवारे करत समोरच्यांना शिव्यांची लाखोली सुरू होते. याला बोरीचा बार म्हणतात. मध्ये ओढ्यात पोलीस, म्हणजे शिवी काठ ओलांडेल पण हात ओलांडणार नाही. एका पाटलाच्या दोन बायका दोन गावांत राहायच्या आणि ओढ्यावर भांडायच्या, अशी याची कथा. तासाभरानं बार संपतो, बायका घरी जातात.

या दोन्ही प्रथांकडे एकत्र बघा. हद्द ठरलेली आहे, दिवस ठरलेला आहे, आणि हत्यारही ठरलेलं आहे. सगळा फरक त्या हत्याराचा. हत्यार बदललं की त्याच भांडणाची किंमत बदलते.

मान: भांडणाचा कागद

आता तिसरा मार्ग, जो आपल्या रोजच्या बोलण्यात इतका मुरलाय की त्याचा इतिहास आपल्याला दिसतच नाही. मान. मानकरी, मानपान, मानाचा नारळ, मानाचा गणपती. लग्नात मामाला टोपी मिळाली नाही तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिवकाळात आणि पेशवाईत मान ही कागदावर लिहून ठेवण्याची गोष्ट होती. पाटीलकी हे वतन होतं, आणि त्याबरोबर जमिनीच्या, धान्याच्या हक्कांसोबत मानपानाची यादी यायची. होळीला पोळी आधी कोणी टाकायची. पोळ्याला कोणाचा बैल पुढं चालायचा. विडा आधी कोणाला. आता समजा, एखाद्या पाटलानं अडचणीत अर्धी पाटीलकी विकली. जमीन मोजून वाटता येते, पण पोळ्याचा पहिला बैल अर्धा कसा करणार? मग करारात लिहायचे: हा मान थोरल्याचा, तो मान धाकट्याचा. तरीही वाद पेटलाच तर गोतसभा बसायची. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे लोक, सगळे साक्षी. निर्णयाचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणतात. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं उघडली तर लढायांच्या जोडीला हे असे वाद भरपूर सापडतात.

आपल्याला वाटतं, किती क्षुल्लक. मला नाही वाटत. कोण पुढं चालणार हे आधीच, सगळ्यांसमोर ठरलं, की सणाच्या दिवशी डोकी फुटत नाहीत. आणि ज्याला दुसरा नंबर मिळाला, त्यालाही निदान माहीत असतं की हा दुसरा नंबर त्याचा हक्काचा आहे, तिसरा कोणी त्यात घुसणार नाही.

हीच पद्धत पुढं सार्वजनिक गणेशोत्सवात आली. पुण्यात 1894 साली विसर्जनाला पुढं कोण यावरून वाद झाला. कसबा गणपती की तांबडी जोगेश्वरी? निवाडा लोकमान्य टिळकांनी दिला. कसबा गणपती हे ग्रामदैवत, म्हणून पहिला मान. तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवी, म्हणून दुसरा. इंग्रजांचं राज्य होतं, कोर्टं होती, पण वाद मिटला तो गोतसभेच्या थाटात: गावानं मानलेल्या माणसानं, गावाला पटणारं कारण देऊन. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली, क्रम तोच आहे. 2022 मध्ये हा क्रम मुंबई हायकोर्टात गेला. लक्ष्मी रोडवर मानाच्या गणपतींनीच आधी का जायचं, असा याचिकेतला प्रश्न होता. कोर्टानं ती फेटाळली.

नगरमध्येही असंच. पहिला मान माळीवाड्याच्या विशाल गणपतीचा. तो ग्रामदैवत, उजव्या सोंडेची भव्य मूर्ती. विसर्जनाच्या दिवशी सरकारी अधिकाऱ्यांच्या हस्ते पूजा होते, मिरवणूक माळीवाड्यातून निघते आणि जुन्या बाजारपेठेतून, चितळे रोडवरून दिल्ली गेटकडे जाते. विशाल गणपतीच्या मागं मानाची मंडळं, मग बाकीची. मोहरमला याच जुन्या शहरातून कोठल्याच्या बडे इमाम आणि छोटे इमाम यांच्या सवाऱ्या निघतात. कत्तलच्या रात्री दर्शनाला सगळ्या धर्मांचे लोक असतात. तिथंही वाट ठरलेली, थांबे ठरलेले, मानकरी ठरलेले. देव वेगळे, पण अरुंद रस्त्यावरची शिस्त एकच.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता अवघड भाग.

दोरी कोणाच्या हातात?

मान भांडण थांबवतो, पण थांबवताना तो त्या दिवशी ज्याची ताकद जास्त होती त्याच्या बाजूनं गोठतो. यादीत ज्यांचं नावच नव्हतं, त्यांचं काय? दुसऱ्या नंबरवाल्याला दुसरा नंबर तरी मिळाला. ज्यांना रांगेतच उभं राहू दिलं नाही, ते कोणत्या महजरात सापडणार?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. संगमनेर. प्रवरा नदीच्या काठचं जुनं व्यापारी गाव, चंद्रशेखर चौकात मोठ्या मारुतीचं देऊळ. हनुमान जयंतीला तिथून रथ निघतो. रथ ओढणं हा अर्थातच पुरुषांचा मान होता. बायकांनी ओट्यावरून बघायचं, ओवाळायचं.

1929 साली इंग्रज सरकारनं या मिरवणुकीवर बंदी घातली. 23 एप्रिल, मंगळवार. दिवस कसे होते बघा: दोनच आठवड्यांपूर्वी, 8 एप्रिलला, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकला होता. सरकार बिथरलेलं. संगमनेरमध्ये देवळाभोवती पोलीस, रथ अडवलेला, पुरुष मंडळी पेचात. रथाला हात लावला की अटक.

आणि मग बायका पुढं आल्या. दोन-अडीचशे होत्या असं संगमनेरमध्ये सांगतात. त्यात झुंबरबाई अवसक हे नाव आजही घेतलं जातं. पोलिसांना बायकांवर हात टाकायचं धाडस झालं नाही, आणि त्यांनी दोरी धरून रथ ओढला. मिरवणूक निघाली.

तेव्हापासून संगमनेरमध्ये रथ ओढायचा पहिला मान बायकांचा. अजून एक गोष्ट मला जास्त आवडते. ज्या पोलिसांनी तेव्हा रथ अडवला होता, त्याच खात्याचे अधिकारी आता हनुमान जयंतीला वाजतगाजत ध्वज घेऊन येतात. तो ध्वज रथावर लागतो, आणि मग बायका दोरी ओढतात. अडवणाऱ्यालाच मानकरी करून टाकायचं, हा संगमनेरचा खास तोडगा. याचा कुठलाही महजर नाही, गोतसभा बसली नाही. बायकांनी आधी दोरी धरली, गावानं नंतर तिला परंपरा म्हटलं.

पण हीच गोष्ट इथं संपवली तर ती फार सोपी होईल. संगमनेरहून नाशिक जवळच, वाटेत सिन्नर. पुढच्याच वर्षी, 2 मार्च 1930 ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. 9 एप्रिलला रथयात्रा. त्या दिवशी रामाचा रथ निघतो. तडजोड ठरली होती, की दोन्ही बाजूंचे लोक मिळून रथाची दोरी ओढतील. एवढीच मागणी: दोरीला आमचेही हात. प्रत्यक्षात तडजोड मोडली. सत्याग्रहींना टाळून रथ पळवत नेला, झटापट झाली, दगडफेक झाली. सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला, पण देऊळ सर्वांसाठी उघडायला स्वातंत्र्य यावं लागलं.

एक वर्षाचं अंतर, एका दिवसात गाठता येईल एवढं लांब गाव, तसाच रथ आणि तशीच दोरी. संगमनेरच्या बायकांनी दोरी धरली तेव्हा समोर परकं सरकार होतं, त्यामुळे गाव त्यांच्या मागं उभं राहिलं. नाशिकमध्ये दोरी मागणाऱ्यांच्या समोर गावच होतं. म्हणून मला वाटतं, "आमची परंपरा" असा शब्द आला की एक प्रश्न विचारावा: ही ठरली त्या दिवशी दोरीच्या आसपास कोण होतं, आणि कोणाला लांब उभं केलं होतं?

एपिसोड रेकॉर्ड करताना मी या जागी बराच वेळ थांबलो होतो. कारण मान या शब्दाचं कौतुक करणं सोपं आहे. मलाही विशाल गणपती वेशीतून बाहेर पडताना अंगावर काटा येतो. पण ज्यांच्या आजोबांना नाशिकमध्ये दोरीपासून हाकललं, त्यांना हाच शब्द कसा ऐकू येत असेल, हेही त्याच कौतुकासोबत लक्षात ठेवायला हवं.

चौथा मार्ग: आवाज

आता आजच्याकडे येऊ. दगड, शिवी, मान यांच्यानंतर आपल्या पिढीनं चौथं हत्यार आणलं. आवाज. स्पीकरच्या भिंती, बेस, लेझर. समोरच्या मंडळापेक्षा एक थर जास्त.

इतिहासाच्या नजरेनं बघितलं तर यातली अडचण वेगळीच दिसते. मानाला शेवट असतो. पहिला, दुसरा, तिसरा, झालं. बोरीच्या बारालाही शेवट असतो, घसा बसतो, बायका घरी जातात. गोटमारसारख्या जीवघेण्या खेळालाही झाड पडलं की शेवट असतो. आवाजाच्या स्पर्धेला शेवटच नाही. यंदा त्यांनी जास्त लावला, पुढच्या वर्षी आपण त्याहून जास्त. आणि यात हरणारा बहुतेक वेळा मंडळातला नसतो. तो खिडकी बंद करून बसलेला आजोबा असतो, किंवा पाळण्यातलं बाळ.

कायदा आहे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत, आणि सणांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सूट देता येते. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा आहे. साधारण आपण समोरासमोर बसून बोलतो तेवढाच आवाज. ते आकडे मिरवणुकीत कोण बघतं, तुम्हीच सांगा. नुसत्या पोलीस केसनं हे थांबत नाही, कारण केस हा वरून आलेला नियम आहे. कसब्याचा क्रम टिकला तो दोन्ही बाजूंना कारण पटलं म्हणून.

मग आपल्या गोतसभा आज कुठं आहेत? माझ्या मते आहेत, फक्त आपण त्यांना तसं म्हणत नाही. उत्सवाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, ती आहे. मंडळांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथं बसणारे अनेक जण तुमच्याच वयाचे आहेत, आणि हा एपिसोड ऐकणारेही. स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही. वस्ती वस्तीच्या पुढं जायला बघणारच, पाचशे वर्षं बघत आलीय. हत्यार कोणतं, हे मात्र बसून ठरवता येतं. देखावा कोणाचा चांगला, लेझीम कोणाची एका ठेक्यात पडते, कोणाच्या पथकात मुली पुढं आहेत, कोणाची मिरवणूक वेळेत संपली. यातही पहिला, दुसरा नंबर लागतो आणि शेजारच्या मंडळाला चांगलं झोंबतं.

आणि बैठकीत बसाल तेव्हा आजूबाजूला एकदा नजर टाका. गावातली कोणती वस्ती तिथं आलीच नाही? कोणाला बोलवायचं राहिलं? पुढच्या वर्षीचा क्रम त्यांच्याशिवाय ठरला, तर तोही उद्या परंपराच म्हणून सांगितला जाईल.

तुमच्या गावात मान कसा ठरतो, आणि तो कधी बदलला का, हे आम्हाला नक्की कळवा. आजोबा-आजींना विचारून, त्यांच्याच शब्दांत व्हॉइस नोट करून पाठवलंत तर फारच छान. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जमलं तर आवाज थोडा कमी ठेवून.